३८६ च्या जागी गुलाबी चिठ्ठी

बुधवारी दुपारी पावणेतीनला गुनवोर रीडमनच्या टेबलावरचा फोन वाजला. ग्रंथालयाच्या तळघरातून स्टूरे बोलत होता.

"खाली ये. ३८६ जागेवर नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. दात पडल्यासारखं भोक आहे."

गुनवोर उठली. एल्महाम्न विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला तेहतीस वर्षं झाली होती. विद्यार्थ्यांना संदर्भ शोधायला शिकवणं हे तिचं काम. तळटीप दिसली की तिचा माग काढत मूळ कागदापर्यंत जायचं आणि तो कागद हातात येईपर्यंत कोणाच्याही शब्दावर विसंबायचं नाही, हे ती दरवर्षी नव्यानं सांगे. मुलं मान डोलवत आणि समोर पहिलं जे येईल ते उतरवून मोकळी होत. तिला याचा भयंकर राग येई आणि ती तो लपवत नसे.

तळघरातली पुस्तकं विषयानुसार नव्हती, उंचीनुसार होती. बुटकी एका बाजूला, मधली मध्ये, उंच भिंतीकडे. उंच रांगेतल्या ३८५ आणि ३८७ यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. ३८६ म्हणजे दीपगृहाची १९१७ सालची नोंदवही. इतिहासाचे सहप्राध्यापक बिर्गर सेल्ग्रेन यांचं सगळं नाव त्या वहीवर उभं होतं. एका वादळी रात्री दीपगृहाचा दिवा मुद्दाम विझवला गेला, हे त्यांनी तिच्यातल्या एका ओळीवरून सिद्ध केलं होतं.

"फटीत चिठ्ठी आहे," स्टूरे म्हणाला. "सेल्ग्रेनचं नाव, सोमवारची तारीख. म्हणजे वही त्याच्याकडे."

गुनवोरनं चिठ्ठी काढून दिव्याखाली धरली. वाचकानं पुस्तक मागवलं की तीन कागदांची एक चिठ्ठी भरली जाई. निळा कागद फळीवरच्या रिकाम्या जागेत, पांढरा पुस्तकाबरोबर वर. पुस्तक परत आलं की गुलाबी कागद पावती म्हणून वाचकाच्या हातात आणि बाकीचे दोन तिथल्या तिथे फाडून टाकायचे. कोणी काय वाचलं हे तिसऱ्याला कळता कामा नये, असा कायदाच होता.

तिच्या हातातला कागद गुलाबी होता.

"घाईत चुकीचा लागला असेल कोणाकडून," स्टूरे म्हणाला.

"कोणाकडून? इथे तूच असतोस."

गुनवोरनं चिठ्ठी पाकिटात घातली. एका कोपऱ्यावर कागदाच्या चापाचा वळ होता.

चार वाजेपर्यंत बातमी कॉफीच्या खोलीत पोहोचली आणि दालचिनीच्या पावाबरोबर चवीनं खाल्ली गेली. शुक्रवारी एक वाजता बाहेरून तीन परीक्षक यायचे होते. सेल्ग्रेनला प्रोफेसर करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि त्यांतल्या एकीनं आधीच कळवलं होतं की दिवा विझवल्याची ती ओळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करणार नाही. वही नसेल तर प्रोफेसरपद गेलं. वर चिठ्ठीवर नाव त्याचंच, म्हणजे पोलिसांत तक्रार.

बुडू दे मेल्याला, असं गुनवोरच्या मनात आलं. सेल्ग्रेन वीस वर्षं तिच्याशी झाडूवाल्याशी बोलावं तसं बोलत आला होता, आणि तो झाडूवाल्यांशीही वाईटच बोले.

साडेचारला तो स्वतःच आला.

"मी सोमवारी बाराला परत केली वही. तुमच्या लोकांनी हरवली आणि नाव माझं?"

"कोणाच्या हातात दिलीत?"

"कोण होतं ते मी बघत नाही. टेबलावर ठेवली."

"पावती?"

"तो गुलाबी चिटोरा? तसल्या चिटोऱ्यांवर मी टिपणं लिहितो, गुनवोर. कागद वाया घालवायची सवय नाही मला."

"ही टिपणं जातात कुठे?"

"ज्याच्यासाठी असतात त्याच्याकडे. तुम्ही वही शोधा. चौकशी करायला तुम्ही काही पोलीस नाही."

तो गेल्यावर गुनवोरनं पाकिटातून चिठ्ठी काढली, उलटी केली आणि खिडकीशी तिरपी धरली. मागे पेन्सिलीनं काही लिहून खोडलेलं होतं. अक्षरं गेली होती, पण दाब राहिला होता. 'पान १४. पुरावा कुठे आहे?'

गुरुवारी सकाळी तिनं स्टूरेला गाठलं.

"सोमवारी परत आलेली पुस्तकं फळीवर कोणी लावली?"

"तुझ्याच पोरांनी."

"कधी?"

"मंगळवारी दहाला. विसरलीस? अकरा जणांना घेऊन खाली आलीस. पुस्तकांच्या ढकलगाडीवरून एकेकानं एक पुस्तक उचलायचं आणि आपलं आपण जागेवर लावायचं. मी आपला कोपऱ्यात बसून सफरचंद खाल्लं."

हा धडा तिचा लाडका होता. पुस्तक कुठून येतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला संदर्भ म्हणजे काय ते कळत नाही, असं ती म्हणे. म्हणजे वाचकांतले फक्त अकरा जण या तळघरात आले होते आणि त्यांना आत आणणारी ती स्वतः होती.

"वहीला खूण काय होती?" तिनं विचारलं. "आत काही सैल कागद?"

"सैल काही नाही. मागच्या पुठ्ठ्याला वाचकांच्या सह्यांची पानं आहेत, सगळ्या हस्तलिखितांना असतात तशी. एक पान भरलं की त्याच्यावर दुसरं चिकटवतो, एका कडेनं. आता पाचवं चालू आहे."

त्या अकरांपैकी तीन जण सेल्ग्रेनच्या चर्चासत्रात होते. सोमवारी दोन वाजता त्यानं त्यांचे मसुदे परत दिले होते. दर गुरुवारच्या रिवाजाप्रमाणे उपाहारगृहात वाटाण्याचं सूप आणि धिरडी होती, आणि तिघंही तिथेच भेटली. पहिल्या दोघांनी मसुदे उघडून दाखवले. एकाच्या नवव्या पानाला गुलाबी चिटोरा, दुसऱ्याच्या बाविसाव्या पानाला. तिसरी होती तूवा हेलस्टेन. तिसऱ्या वर्षाला, बावीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी आणि काम सगळ्यांत चोख करणारी.

गुनवोर तिच्यासमोर सूप घेऊन बसली.

"मसुदा दाखवतेस?"

"घरी आहे."

"पिशवीतून डोकावतोय."

तूवानं तो काढून दिला. चौदाव्या पानावर एका परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीची रेघ होती. चिटोरा नव्हता. वरच्या कोपऱ्यात चापाचा वळ होता.

"इथलं टिपण कुठे गेलं?"

"पडलं असेल."

"मंगळवारी तळघरात तू काय लावलंस?"

"आठवत नाही. एक पुस्तक."

"उंच की बुटकं?"

"उंच." मग ती थांबली. "बहुतेक."

"तूवा, खालच्या फटीत आम्ही निळा कागद ठेवतो. गुलाबी नाही. तुला ते माहीत असायचं कारण नाही, वाचकाला निळा कधी दिसतच नाही."

तूवानं चमचा खाली ठेवला. घाबरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला गुनवोरला दुसरं नाव सापडेना: तो द्वेष होता, बऱ्याच दिवसांचा, नीट सांभाळलेला.

"तुम्हाला त्याचं वाईट वाटतंय?"

"अजिबात नाही."

"मग कशाला मध्ये पडता? उद्या एकपर्यंत गप्प बसा. तेवढंच."

"वही सेल्ग्रेनची नाही, तळघरातली आहे. त्यानं तुझं काय केलंय?"

"माझं काही नाही."

"मग कोणाचं?"

"त्याला एकदा तरी कळू दे," तूवा म्हणाली. तिचा आवाज चढला तशी बाजूच्या टेबलावरची मुलं वळली. "आपण खरं बोलतोय, कागद खरा आहे, आणि एकही माणूस विश्वास ठेवत नाही. ग्रंथालय म्हणतं अशी वहीच नाही. कसं वाटतं ते कळू दे त्याला. तुम्हाला तर आठवतही नसेल."

"मला?"

तूवानं पिशवी उचलली. "तुम्ही शोधायला शिकवता ना? शोधा."

थाळीतली धिरडी तशीच सोडून ती निघून गेली.

गुनवोरनं तिला शिकवलेलंच केलं. मुख्य इमारतीत विद्यापीठाचं दप्तर होतं. तिथला कुठलाही कागद कोणीही मागावा. नाव सांगावं लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. तिनं सेल्ग्रेननं विद्यार्थ्यांविरुद्ध केलेल्या तक्रारी मागितल्या. दप्तरातल्या बाईंनी कपाटाकडे न जाता हाताशीच असलेली एक फाईल पुढे केली.

"एकच आहे. हल्ली फार मागणी आहे हिला. गेल्या महिन्यात एकजण इथेच बसून वाचत होती, आणि जाताना दाराला लाथ मारून गेली."

"कोण?"

"ते मी विचारत नाही. तुम्हाला तरी विचारलं का?"

फाईल १९९८ सालची होती. अनिका ब्रोड नावाच्या विद्यार्थिनीनं आपल्या निबंधात दीपगृहाच्या नोंदवहीचा संदर्भ दिला होता, क्रमांक ११४२. दिवा मुद्दाम विझवला, ही ओळही दिली होती. २ जूनला तरुण अध्यापक सेल्ग्रेन यांनी तक्रार केली: 'मी स्वतः शोध घेतला. अशी वही अस्तित्वात नाही. संदर्भ बनावट आहे.' अनिकाला एक सत्र काढून टाकलं होतं. ती परत आली नाही. चार वर्षांनी सेल्ग्रेनला तीच वही 'सापडली' आणि त्याचं पुस्तक गाजलं. मग अनिकाचं एक पत्र होतं: मी आधी वाचली होती, कृपया तपासा. उत्तर दोन ओळींचं होतं. चिठ्ठ्या कायद्यानं नष्ट होतात, कोणी आधी वाचली हे सांगता येत नाही. पत्राखाली लग्नानंतरचं नाव होतं, अनिका हेलस्टेन.

शेवटचा कागद गुनवोरनं दोनदा वाचला. ग्रंथालयाचा दाखला, २९ मे १९९८. 'क्रमांक ११४२ तपासला. अशी वही आमच्याकडे नाही.' खाली सही तिची होती.

तिला काहीच आठवत नव्हतं. असे दाखले ती दर आठवड्याला देई. पण तो वसंत आठवत होता. त्याच वसंतात तळघरातली सगळी पुस्तकं उंचीनुसार लावली गेली आणि प्रत्येकाला नवा क्रमांक मिळाला. ११४२ ची ३८६ झाली होती. तिनं जुन्या क्रमांकाची फळी पाहिली, रिकामी होती, सही केली आणि जेवायला गेली असेल. मूळ कागदापर्यंत जा म्हणणारी बाई दहा मिनिटं जास्त शोधायला तयार नव्हती. तिला स्वतःची इतकी चीड आली की कपाळ फोडून घ्यावंसं वाटलं.

मग ती धावतच तळघरात गेली.

"स्टूरे, उंच रांगेत आज ११४२ कुठे?"

"भिंतीच्या टोकाला. कोणी त्याला हात लावत नाही, जहाजांचे नकाशे आहेत तिथे."

"चल. काढायचं तू. मी हात लावणार नाही, यात माझीही सही अडकली आहे."

११४१ आणि ११४३ च्या मध्ये दोन वह्या होत्या. त्यांतल्या एकीच्या कण्यावर ३८६ होतं.

"इथे कशी आली ही?" स्टूरे चक्रावला.

"शेवटचा पुठ्ठा उघड. आता सह्यांची पानं एकेक करून वर उचल. फाडू नकोस."

स्टूरेनं चार पानं उलटली. गुनवोर वाकून सर्वांत खालचं पान बराच वेळ वाचत राहिली.

"काय आहे?"

"फोटो काढ, वेळ लिहून ठेव. वही लोखंडी कपाटात. किल्ली तुझ्याकडे." मग तिनं तूवाला एका ओळीचा निरोप पाठवला: 'वही सापडली. उद्या एकला वाचनकक्षात ये. येऊ नये असं वाटेल, तरी ये.'

शुक्रवारी एकला वाचनकक्षाच्या लांब टेबलाशी तीन परीक्षक बसले. त्यांच्यातली ज्येष्ठ होती उल्ला वीबर्ग, ओळ पाहायचीच म्हणणारी. सेल्ग्रेन खिडकीशी उभा होता, गळ्याशी गाठ मारलेला नवा टाय. तूवा शेवटी आली आणि दाराशीच उभी राहिली. स्टूरेनं वही आणून ठेवली.

सेल्ग्रेनचा श्वास सुटलेला सगळ्यांना ऐकू आला. "शेवटी एकदाची. कुठे होती?"

"तळघरात," गुनवोर म्हणाली. "ती इमारतीबाहेर गेलीच नव्हती. तुमच्या नावाची चिठ्ठी फटीत होती, पण ती गुलाबी होती. गुलाबी कागद वही परत केल्यावरच मिळतो. म्हणजे तुम्ही वही परत केली होती. तुम्ही चोर नाही."

"मी तेच सांगत होतो!"

"मग चिठ्ठी ठेवली कोणी? ज्याला तुम्ही ती टिपण म्हणून दिलीत त्यानं. मागे पान चौदाबद्दलचं टिपण खोडलेलं होतं. शिवाय त्याला तळघरात शिरता यायला हवं. मंगळवारी माझा वर्ग तिथे होता. दोन्हीकडे बसणारा माणूस एकच."

"मी," दारातून तूवा म्हणाली. "मी ठेवली. आणखी कोणाचा हात नाही."

सेल्ग्रेन तिच्याकडे वळला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यात आनंदही होता. "ही? माझी विद्यार्थिनी? हिला आजच्या आज काढून टाका. वर्षभर. कायमचं काढता आलं तर कायमचं."

"तक्रार मी सकाळीच दिली आहे," गुनवोर म्हणाली. "तिला शिक्षा होईल. वही लपवणं हा गुन्हाच आहे. पण तिनं ती कुठे लपवली ते ऐका. अडीच हजार उंच पुस्तकांत तिनं एकच जागा निवडली, ११४२. बिर्गर, हा आकडा ओळखीचा वाटतो?"

"नाही."

"१९९८ मध्ये अनिका ब्रोडनं हाच आकडा लिहिला होता. तिथे वही नाही म्हणून तुम्ही तिला खोटी ठरवलंत. तूवा तिची मुलगी. आईनं लिहिलेल्या जागी तिनं वही नेऊन ठेवली."

तूवानं हाताची घडी घट्ट केली. उल्ला वीबर्गनं चष्मा वर केला.

"ते जुनं प्रकरण आहे," सेल्ग्रेन म्हणाला. "वही तेव्हा सापडली नाही. हवं तर तुमचाच दाखला बघा, गुनवोर. सही तुमची आहे."

"आहे. मी चुकीची फळी पाहिली आणि एका मुलीचं आयुष्य सहीनं कापलं. ते मी लेखी दिलं आहे, तेही सकाळीच. मी न शोधता नाही म्हटलं." ती थांबली. "तुम्ही मात्र वाचून नाही म्हटलंत."

"पुरावा?"

"तुमचा आवडता शब्द." गुनवोरनं स्टूरेला खूण केली. त्यानं मागचा पुठ्ठा उघडला आणि चार पानं उचलून धरली. "चिठ्ठ्या आम्ही फाडतो. सह्यांची पानं वहीचाच भाग असतात, त्यांना तो कायदा लागू नाही, ती कोणी फाडत नाही. पानांवर क्रमांक आहेत, एक गेलं तरी कळतं. उल्ला, तुम्ही वाचता का मोठ्यानं?"

उल्ला वीबर्गनं बोट ठेवून वाचलं. "९ मार्च १९९८. अनिका ब्रोड." बोट एक ओळ खाली आलं. "१४ मे १९९८. बिर्गर सेल्ग्रेन." तिनं वर पाहिलं. "तक्रार कधीची?"

"२ जूनची."

सेल्ग्रेन खिडकीपासून टेबलाकडे आला.

"मुलीनं घुसडलं असेल," सेल्ग्रेन म्हणाला. "वही हिच्याच हातात होती!"

"पाच मिनिटं, वर्गातल्या दहा जणांसमोर. आणि तुमच्या सहीखाली त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून एकोणीस जणांच्या सह्या आहेत, कुठेही ओळ सोडलेली नाही. अनिकाचा निबंध वाचून तुम्हाला राहवलं नाही. वही जुन्या फळीवर होती तेव्हा ती वाचून गेली, तुम्ही नव्या क्रमांकानं मागवलीत. आणि वाचण्याआधी सही केलीत, कारण चांगला संशोधक हात धुवावेत तशी सही करतो. त्याच्या लक्षातही राहत नाही."

"मला ती... मला वाटलं ती दुसरी वही आहे."

"या दीपगृहाच्या १९१७ च्या वह्या किती आहेत?" उल्लानं विचारलं.

"एक," स्टूरे म्हणाला. कोणी त्याला विचारलं नव्हतं, पण इतकी वर्षं सेल्ग्रेनची पुस्तकं त्यानंच वर पाठवली होती आणि एकदाही त्याचे आभार मानले गेले नव्हते.

उल्लानं समोरचे कागद गोळा केले. शिफारसपत्र सहीविना पाकिटात गेलं. "बिर्गर, हे पद विसरा. पुढचं कुलगुरूंपुढे बोलू. तोवर इथेच थांबा, मी त्यांना फोन करते."

सेल्ग्रेन खुर्चीत बसला. टायची गाठ सोडायला गेला आणि ती आणखीच आवळली गेली.

तूवा गुनवोरजवळ आली. तिचे डोळे भरले होते, पण ओठ हसायला आले होते. "मला वाटलं होतं, वही गेली की तो बुडेल."

"वही गेली असती तर त्या सह्याही गेल्या असत्या आणि वाचला असता तो. लोकांनी कीव केली असती. वही हातात होती तुझ्या, तूवा, आणि शेवटचं पान उलटलं नाहीस. दोन सत्रं मी काय घसा कोरडा करत होते?"

"मला किती शिक्षा होईल?"

"दोन-तीन महिने. मला किती होईल ते माहीत नाही. आईला फोन कर."

तूवानं तिथेच उभं राहून फोन लावला. पलीकडे मासळी भरण्याच्या कारखान्याचा खडखडाट होता. तिला ओरडून बोलावं लागलं, आणि सगळ्या वाचनकक्षाला ते ऐकू गेलं.

"आई! तुझी सही सापडली. वहीत आहे, त्याच्या सहीच्या वर!"

खडखडाट मागे पडत गेला. बाई मशीन सोडून बाहेर आली असावी.

"तो कुठे आहे?" अनिकानं विचारलं.

"इथेच. समोर बसलाय."

"त्याला जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "मी निघाले."